मडमआज्जीचं माहेर

"वाकू नकोस, पोटावर ताण येतोय," असं म्हणत मडमआज्जीनं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मला सातवा महिना होता. अंगात हिरवी साडी, डोक्यात फुलांची वाडी, समोर पाटावर ओटीचं सामान आणि डोहाळजेवणाला जमलेल्या सगळ्या बायकांचे डोळे आम्हा दोघींवर. शालनवहिनी माझ्या कानाशी लागल्या. त्या आज्जीच्या नातसून. "वैजू, तू वाकच. शतायुषीचा आशीर्वाद घेतल्याबिगर उठू नकोस. तेवढ्यासाठी तर त्यांना खुर्चीसकट उचलून आणलंय."

मी जमेल तशी वाकले. आज्जीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखानं सुटका होऊ दे," ती म्हणाली.

"आणि पोराला?" मागून कुणीतरी विचारलं. "पोराला शंभर वर्षं म्हणा की."

"सुखानं सुटका होऊ दे," आज्जी पुन्हा तेवढंच म्हणाली आणि शालनवहिनींकडं वळून तिनं घरी न्यायला सांगितलं.

बायकांत कुजबुज झाली. माझ्या आईचा चेहरा उतरला. मला मात्र नवल वाटलं नाही, कारण मी तिच्या शेजारच्याच घरात वाढलेली. लोक तिच्या पाया पडायला यायचे आणि ती पाय चोरायची, हे मी लहानपणापासून बघत आले होते. कुणी नवं जोडपं आलं तर 'भांडू नका' म्हणायची. पोरं दहावीला बसली की 'अक्षर नीट काढ' म्हणायची. आयुष्याचं नाव काही काढायची नाही. ज्याचं दुकान भरलेलं आहे त्यानंच माल द्यायला नाही म्हणावं, तसं लोकांना वाटायचं.

दुकान भरलेलं होतंच. तेव्हा तिचं वय एकशे आठ होतं. फ्रान्सच्या उत्तरेला रूबे म्हणून गाव आहे, तिथं आमच्या इचलकरंजीसारखेच घरोघरी माग. तिथल्या एका रंगशाळेत सूत रंगवायचं शिकायला दत्तोबा ढवळे गेले आणि येताना बायको घेऊन आले. नाव लेओन्तीन. लग्नात लीलावती ठेवलं, पण गावानं दोन्ही नावं गुंडाळून ठेवली आणि तिला मडम केलं. मडमवहिनी, मडमकाकू, मग मडमआज्जी. दत्तोबा गेले, मुलगा गेला, नातू चाळिशी ओलांडून गेला, आणि ही आपली नऊवारी नेसून, दारात खुर्ची टाकून बसलेली. बोलणं अस्सल आमच्याकडचं, कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो'. फक्त 'र' तेवढा घशातून यायचा.

तिला एक लकब होती. काही वेळा बोलण्याआधी ती दोनदा खाकरायची. कुणी विचारायचं, आज्जी, इतक्या जगलात त्याचं गुपित काय? ती दोनदा खाकरायची आणि सांगायची, "भाकरी आणि ठेचा." ठेच्याला तिनं जन्मात बोट लावलेलं मी बघितलं नव्हतं. शालनवहिनींचा चहा कसा झालाय विचारलं तरी आधी खाकरणं, मग "फक्कड." मी एकदा विचारलं होतं, तिकडं तुझं कोण कोण आहे? तेव्हाही ती खाकरली होती. "कोण न्हाई," म्हणाली होती.

मी फ्रेंच शिकले ती तिच्याच ओट्यावर. शाळेतून आले की दप्तर टाकून तिच्याकडं. पुढं त्याच भांडवलावर मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागले. म्हणून कौतुकानं मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिच्यावर लेख लिहिला, फोटोसकट. माहेरचं तिनं काही लिहू दिलं नाही, म्हणून तो नुसता ढवळ्यांच्या घरच्या एकशे आठ वर्षांच्या आज्जीचा लेख झाला. तो कुणीतरी इंटरनेटवर चढवला, आणखी कुणीतरी त्याचं फ्रेंच केलं, आणि डोहाळजेवणानंतरच्या आठवड्यात मला क्लेर नावाच्या एका मुलीचा फोन आला.

मुलगी अदबीनं बोलत होती. तिच्या आजीला एक थोरली बहीण होती, लेओन्तीन. एका हिंदुस्थानी रंगाऱ्याशी लग्न करून गेलेली. चाळीस साली ती तिकडंच वारली, तशी तार आली होती. मग तुमच्या लेखातली बाई कोण? त्याच घरातली, त्याच आडनावाची? "माझी आजी चौऱ्याण्णव वर्षांची आहे," क्लेर म्हणाली. "तिचं हृदय थकलंय, डॉक्टर फार दिवस देत नाहीत. तिला त्या बाईशी एकदा बोलायचंय. ती कुणीही असली तरी चालेल. बहिणीला शेवटचं बघितलेलं कुणी भेटलं तर बास, असं म्हणते."

मी आनंदानं उड्या मारायच्या बाकी होते. कुठंतरी गोंधळ झाला असणार, कुणा दुसऱ्याच लेओन्तीनची तार गेली असणार. इथं बसलेली बाई जिवंत आहे, एवढं सांगितलं की झालं, असं मला वाटलं. क्लेरला काही न सांगता मी तशीच ढवळ्यांच्या घरी गेले आणि आज्जीला सगळं सांगितलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ओदेत हाय अजून?"

"म्हणजे तुला बहीण आहे? मग मला कधी..."

"फोन करू नकोस."

"अगं, पण तिला वाटतंय तू गेलीस. फार दिवस नाहीत तिच्याकडं. एकदा बोल."

"न्हाई म्हटलं न्हवं?" आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. पेज समोर ठेवली तर चमचा बाजूला सारायची. शालनवहिनी मला बोल लावायला लागल्या. "काय सांगितलंस त्यांना? या वयात काय बी उकरून काढायचं व्हय?" त्यांचं चुकत नव्हतं. मला वाटायला लागलं, आपल्या हौसेपायी म्हातारीला आपण घालवणार. पण क्लेरला नाही तरी कोणत्या तोंडानं सांगू? तिकडं एक बाई फोनकडं डोळे लावून बसली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आज्जीनंच बोलावलं. शालनवहिनी दळणाला गेल्या होत्या. आज्जी ओट्यावर सूप घेऊन शेंगा फोडत होती. बोटांत जोर नव्हता, एकेका शेंगेला वेळ लागत होता, पण दुसऱ्यानं फोडून दिलेलं तिला चालायचं नाही.

"बस," ती म्हणाली. "तार चुकून न्हवती गेली."

मी बसले.

"परड्यात धुणं वाळत घालत होतो. कावळा आला आणि डोक्यावर बसला. नख्या लागल्या हितं." तिनं भांगावर बोट ठेवलं. "सासूनं बघितलं. माझी सासू लई मायाळू, पण या बाबतीत ऐकायची न्हाई. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण आलंच. त्याला उतारा एकच."

उतारा मलाही ठाऊक होता. आमच्याकडं जुन्या घरांत अजून करतात. कावळा ज्याच्या डोक्यावर बसला तो मेला, अशी खोटी बातमी लांबच्या माणसांना धाडायची. बातमी ऐकून जिवाभावाची माणसं रडली की मरण चकतं, समजतं काम झालं, आणि निघून जातं. वर आयुष्य वाढतं. दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं. माझ्याच एका मामाच्या नावानं आईनं असं दिवसभर रडून घेतलं होतं आणि संध्याकाळी तो स्वतःच दारात उभा राहिला होता.

"हितल्या सुनेची बातमी माहेरी हातकणंगल्याला जाती," आज्जी म्हणाली. "माझं माहेर रूबे. सासू म्हणाली, माहेरचं रडणं पायजे, दुसऱ्याचं चालत न्हाई. तुझ्या दत्तोबा आज्जांनी लई समजावलं, शेवटी आईपुढं हात टेकले आणि तार केली. म्हणाले, उद्या दुसरी करू."

"मग दुसरी गेली नाही?"

"मी म्हटलं, दुसरी तार नको. मी पत्र लिहितो, सगळं नीट समजावून. ते बरं म्हणाले." तिनं एक शेंग घेतली, फोडली नाही, हातातच ठेवली. "न्हाई लिहिलं."

"का?"

"आईवर राग हुता. मुलगा झाला तेव्हा मी त्याचा फोटो उघड्या कार्डावर धाडला. आईनं उलट टपाली तो परत केला, लिहिलं, असले फोटो धाडत जाऊ नकोस, पोस्टमन शेजारणींना दाखवतो. माझ्या सावळ्या पोराचा फोटो. तेव्हापासून मनात गाठ. म्हटलं, रडू दे जरा. मी मेल्यावर तरी रडती का बघू. चार दिवस रडू दे, मग लिहू. चाराचे आठ झाले. रोज सकाळी वाटायचं आज लिहावं, आणि रोज तो फोटो आठवायचा. महिना गेला. आणि एक दिवस तुझे आज्जा पेपर घेऊन आले. जर्मन आत घुसले. टपाल बंद."

रस्त्यावरून मागांचा खडखडाट येत होता. आज्जी बोलताना एकदाही खाकरली नाही, हे मला नंतर आठवलं.

"लढाई संपल्यावर?"

"लढाई संपल्यावर रंगशाळेतल्या एकानं तुझ्या आज्जांना लिहिलं. म्हातारी लढाईतच गेली म्हणून. आता ओदेतला काय लिहू? मी चौदा वर्षांची हुतो तेव्हा ती झाली. मी न्हाऊ घातलं, मी चालायला शिकवलं. तिला काय लिहू? मी हाय, तुमची गंमत केली, आई माझ्या नावानं रडत गेली?" तिनं सूप बाजूला केलं. "लोक येतात, पायाला हात लावतात. मला शरम वाटती. हे आयुष्य माझं न्हाई, वैजे. आईच्या रडण्याचं हाय. ते संपतच न्हाई. पोरगा गेला, नातू गेला, मी हितंच. दुसऱ्याला कुठल्या तोंडानं देऊ?"

मी तिचा हात धरला. पोटातलं पोर लाथा मारत होतं.

"लाव फोन," ती म्हणाली. "खरं काय ते सांगून टाकतो. तिनं शिव्या दिल्या तरी ऐकतो."

रविवारी दुपारी चार वाजता बोलायचं ठरलं. आज्जीनं सकाळीच न्हाऊन घेतलं, इरकली लुगडं काढायला लावलं. फोनवर दिसत नाही, असं शालनवहिनी हसून म्हणाल्या तरी ऐकलं नाही. वहिनींना आम्ही एवढंच सांगितलं होतं की माहेरचा फोन आहे. त्या आत चहा करत होत्या. मी मोबाइल स्पीकरवर करून आज्जीच्या मांडीवर ठेवला.

आधी क्लेर बोलली. मग खरखर झाली, आणि एक बारीक, थरथरता, पण शब्द न् शब्द सुटा असलेला आवाज आला. "मादाम, तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण तुम्ही तिला ओळखत होता. मला एकच विचारायचंय. माझ्या बहिणीला जाताना फार त्रास झाला का?"

मी आज्जीकडं बघितलं. आता बोलेल, मग बोलेल. तिचे ओठ हलले. डोळे फोनवर खिळलेले. मग ती दोनदा खाकरली आणि मराठीत म्हणाली, "सांग तिला, मी धाकटी जाऊ. मडम माझ्या मांडीवर गेली."

मी फोनवर हात ठेवला. "आज्जी, हे काय?"

"सांग म्हणतोय न्हवं."

"खरं सांगायचं ठरलं होतं."

"ऐकलंस न्हवं तिला? सत्तर वर्षं तेवढंच मनात धरून बसली. आता सांगू, की मी मेलोच न्हवतो? तिचं दुखणं बी खोटं पाडू?" तिचा आवाज चिरकला. "सांग."

मी सांगितलं. माझ्या स्वच्छ, कॉलेजात शिकवायच्या फ्रेंचमध्ये मी ते खोटं पलीकडं पोचवलं. ही भाषा जिनं मला शिकवली तिलाच मी त्या भाषेत मारलं.

"त्रास नाही झाला," मी म्हणाले. "त्या म्हणतात, झोपेतच गेली. सगळे जवळ होते."

मग ओदेत म्हणाली, "बरं झालं. मग आता मला माझंही सांगू द्या. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कबुली द्यायला गेले तरी फादरनाही नाही. ती तार आली तेव्हा घरात मी एकटी होते. आई रेशनच्या रांगेत गेली होती. मी तार वाचली आणि चुलीत घातली. आईला सांगितलंच नाही."

आज्जीची बोटं मोबाइलवर आवळली. पण ती जाऊ होती, जावेला फ्रेंच येत नव्हतं. सगळं समजून ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मला ते मराठीत सांगावं लागलं. एकेक वाक्य सांगताना तिचा चेहरा मी बघितला, आणि बघवला नाही.

"आईचं काळीज अधू होतं," ओदेत सांगत होती. "म्हटलं, सावकाश सांगू. मग लढाई आली. आई रोज विचारायची, हिंदुस्थानचं पत्र आलं का? तिला बारीक अक्षर दिसायचं नाही. मी कुठलाही कागद धरायचे आणि मनानंच वाचायचे. लेओन्तीन खुशाल आहे. मुलगा शाळेत जातो. आई म्हणायची, त्याचा फोटो नाही पाठवला? मी म्हणायचे, युद्ध संपलं की पाठवते म्हणते. शेवटपर्यंत आई फोटोचं विचारत होती. माझी बहीण मेली, आणि तिच्या आईला मी तिच्यासाठी रडूही दिलं नाही. तिच्यासाठी रडले ते मी एकटीच. दर वर्षी एप्रिलात देवळात जाऊन मेणबत्ती लावते, तीही चोरून. मादाम, तुम्ही तिच्या घरच्या. तुम्हीच सांगा. माझं चुकलं का?"

फोटोचं वाक्य माझ्याच्यानं पुरं होईना. आज्जीनं ते मी सांगायच्या आधीच डोळे मिटले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. शालनवहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, बघितलं, आणि तशाच आत गेल्या.

"काय सांगू?" मी विचारलं.

ती दोनदा खाकरली. "सांग, मडम वरनं बघत असंल. म्हणत असंल, पोरीनं बरं केलं."

मी सांगितलं.

लाइन तुटली असं वाटून मी मोबाइल उचलणार, तेवढ्यात ओदेत बोलली. आवाजात मघाची थरथर नव्हती. "पोरी, तू भाषांतर फार छान करतेस. आता हेही कर. माझी बहीण लबाडी करायची तेव्हा आधी दोनदा खाकरायची. साखरेचा डबा कुणी उघडला विचारलं की खाकरायची. आई त्यावरूनच पकडायची. मी मघापासून ऐकतेय."

मी आज्जीकडं बघितलं. तिनं डोळे उघडले होते.

"त्या मादामना सांग," ओदेत म्हणाली, "मी का म्हणून विचारणार नाही. कारण असेल काहीतरी. मला आता कारण ऐकायला वेळ नाही. येत्या एप्रिलात मी असले तर मेणबत्ती लावीनच, चोरून नाही. पण ती मेली म्हणून नाही लावणार. खुशाल राहावी म्हणून लावीन. सांग त्यांना."

मी तोंड उघडलं. आज्जीनं हात वर केला. मग दोन्ही हातांनी मोबाइल उचलून तोंडाशी धरला. मी तिच्या घशाकडं बघत होते. ती खाकरली नाही.

"ओदेत," ती तिच्या गावाकडच्या, मला कधीच न शिकवलेल्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "पायात मोजे घातलेस का? तुझी फरशी गार असते."

मी उठून परड्यात गेले. पुढचं माझं ऐकायचं नव्हतं.

तासाभरानं परत आले तर फोन बंद होता आणि आज्जी गार चहा पीत होती. मी म्हटलं, "आई रडली नव्हती ना? मग सत्तर वर्षं उगाच जिवाला खात होतीस."

"उगाच कसं?" ती म्हणाली. "रडली असती तर दोन महिन्यांत सावरली असती. वाट बघत गेली. फोटो मागत गेली. ते जास्त वाईट हाय, वैजे. आणि त्या पोरीला मी एकटीला रडू दिलं. ते कुठं जातंय?" कप खाली ठेवून ती म्हणाली, "चहात साखर न्हाई. सांग शालनला."

खाकरली नाही.

पुढच्या रविवारी फोन झाला, त्याच्या पुढच्याही. आज्जीनं पेटीच्या तळातून तो फोटो काढून दिला, झबल्यातला मुलगा, आणि मी तो क्लेरकडं पाठवला. तो मोठा करून ओदेतच्या पलंगासमोर लावला, असं कळलं. एप्रिल यायच्या आधीच ओदेत गेली. त्या दिवशी आज्जीनं वहिनींना पणती लावायला सांगितली आणि आपल्या खुर्चीसमोर ठेवून घेतली. आज्जी त्यानंतर आणखी तीन वर्षं जगली. तिनं तक्रार केली नाही, पण कौतुकही करून घेतलं नाही.

माझ्या मुलीचं बारसं झालं तेव्हा ओदेत अजून हयात होती. आज्जीला पुन्हा खुर्चीसकट उचलून आणलं. मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मागच्या वेळचं आठवून बायका गप्प होत्या, आशीर्वाद कुणी मागितला नाही. आज्जीनं बराच वेळ त्या लाल, सुरकुतलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि मग वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "खूप जग. पण कळवत जा."